प्रीमियर पद्मिनीचे पुनरुज्जीवन

प्रीमियर पद्मिनीचे पुनरुज्जीवन म्हणजे मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी व तिच्या आधीच्या फियाट ११०० मालिकेतील जुन्या, बंद पडलेल्या मोटारी दुरुस्त करून शक्य तितक्या मूळ स्वरूपात पुन्हा चालू करण्याचे काम होय. पद्मिनी ही एकेकाळी मुंबईची टॅक्सी आणि उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांची मोटार होती. त्यामुळे तिच्या दुरुस्तीचे ज्ञान राजवाड्यांच्या मोटारखान्यांत वा परदेशी कार्यशाळांत वाढले नाही. ते रस्त्याकडेच्या गॅरेजांत, लेथच्या दुकानांत आणि भंगारबाजारात वाढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाद झाली. त्यानंतरच्या काळातच सर्वांत जुन्या पद्मिनी पन्नास वर्षांच्या होऊन कायद्याने 'विंटेज' ठरण्यास पात्र होऊ लागल्या. गाडीला वारशाचे मोल येण्याच्या सुमारास तिला चालती ठेवणारी टॅक्सी-व्यवसायाची व्यवस्था मोडली, हे या पुनरुज्जीवनापुढील मुख्य आव्हान आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कंपनीचा कारखाना कुर्ला येथे, मुंबई–आग्रा रस्त्याच्या म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या परिसरात उभा राहिला. सुरुवातीला अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार येथे डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारींची जुळणी होत असे. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी छोटी फियाट ५०० ही गाडी तयार होऊ लागली.

१९५४ मध्ये फियाट ११००-१०३ या मोटारीचे उत्पादन सुरू झाले. तिच्या गोलसर, फुगीर आकारामुळे महाराष्ट्रात तिला 'डुक्कर फियाट' असे नाव पडले आणि ते आजही जुन्या पिढीच्या तोंडी आहे. या गाडीच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस असत. त्यानंतर एलिगंट, सुपर सिलेक्ट अशा सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि १९६४ मध्ये इटालियन ११०० डी या नमुन्यावर आधारलेली 'फियाट ११०० डिलाइट' बाजारात आली. चौकोनी वळणाचा, उभट काचांचा जो आकार पुढे पद्मिनी म्हणून सर्वपरिचित झाला, तो याच गाडीचा. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ पासून ही गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. चितोडच्या आख्यायिकेतील राणी पद्मिनीच्या नावावरून हे नाव घेतले गेले.

इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. कुर्ल्यात मात्र तोच नमुना पुढे सुमारे तीन दशके तयार होत राहिला. परवाना पद्धतीमुळे मोटारींचे उत्पादन मर्यादित होते आणि ग्राहकाला गाडीसाठी दीर्घकाळ थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतर पद्मिनीची खासगी मागणी घटत गेली. २००० च्या आसपास तिचे उत्पादन थांबले.

कुर्ल्याचा हा कारखाना मुंबईच्या कामगार चळवळीच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. घाटकोपर येथे वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाचा दबदबा ज्या लढ्यांतून वाढला, त्यांत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील प्रीमियरच्या कामगारांचा लढा होता. आता कारखान्याच्या जागी निवासी व व्यापारी इमारती उभ्या आहेत. कुर्ला व विद्याविहार यांच्या दरम्यानचा 'प्रीमियर रस्ता' कंपनीची आठवण जपून आहे.

टॅक्सी व सुट्या भागांची साखळी

मुंबई शहराच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये पद्मिनीचे प्रमाण अनेक दशके सर्वाधिक होते. रिक्षांना वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस परवानगी नसल्याने शहर भागात टॅक्सीला पर्याय नव्हता. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत रस्त्यावर रिक्षांचे वर्चस्व असल्यामुळे तेथे पद्मिनीची ओळख टॅक्सीइतकीच घरच्या गाडीची होती.

या दोन जगांना सुट्या भागांच्या बाजाराने जोडले होते. टॅक्सी दिवसरात्र चालत असल्याने तिचे क्लच, ब्रेक, बेअरिंग, गॅस्केट असे भाग सतत झिजत आणि त्यांना कायम मागणी राही. म्हणून कंपनीबाहेरचे लहान उत्पादकही हे भाग तयार करीत, आणि खासगी मालकालाही ते स्वस्तात व लगेच मिळत. मोडीत निघालेल्या टॅक्सीचे दरवाजे, काचा, गिअरबॉक्स, मागचा आस हे भाग पुन्हा बाजारात येत. कुर्ला व कलिना यांच्यामधील सी.एस.टी. रस्ता हा जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. या रस्त्याच्या नावातील आद्याक्षरे रेल्वे स्थानकाची नसून, १९२८ ते १९३४ या काळात तुर्भे (ट्रॉम्बे) ते अंधेरी धावलेल्या 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे' या लोहमार्गाची आहेत. दक्षिण मुंबईतील चोर बाजारातही जुने मीटर, दिवे व शोभेच्या पट्ट्या मिळतात.

टॅक्सींसाठी शासनाने २० वर्षांची वयोमर्यादा घातली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. सतत झिजणारी व सतत मोडीत निघणारी अशी हजारो वाहने नाहीशी झाल्यामुळे नव्या भागांची मागणी आणि जुन्या भागांचा पुरवठा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आटल्या.

तांत्रिक वैशिष्ट्ये

पद्मिनीचे पेट्रोल इंजिन १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे व पाण्याने थंड होणारे असून त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असते. इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. इंजिन पुढे व चालना मागच्या चाकांना अशी रचना असून चार गिअरांचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो. पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. गाडीचे वजन सुमारे ८९५ किलोग्रॅम आहे. १९९० च्या दशकात इटालियन बनावटीच्या १,३६६ घनसेंटिमीटर डिझेल इंजिनाची '१३७ डी' ही आवृत्तीही निघाली.

ट्रक किंवा जीपप्रमाणे या गाडीला स्वतंत्र सांगाडा नसतो. पत्र्याची कायाच सांगाड्याचे काम करते. म्हणून या गाडीचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही, तो तिच्या बळकटीचा प्रश्न ठरतो.

पुनरुज्जीवनाचे टप्पे

गाडीची निवड

इंजिन कितीही बिघडलेले असले तरी ते दुरुस्त करता येते किंवा दुसरे मिळवता येते. पूर्ण सडलेली काया आणि हरवलेली कागदपत्रे यांवर मात्र सहज उपाय नसतो. म्हणून अनुभवी मंडळी प्रथम नोंदणीपुस्तक पाहतात आणि त्यातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील कोरीव क्रमांकांशी ताडून घेतात. मूळ मालक हयात नसल्यास वारसांच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. अनेक गाड्या इमारतींच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहण्याचे हेही एक कारण असते. दिव्यांच्या कड्या, बंपर, चिन्हे, डॅशबोर्डवरील घड्याळी तबकड्या, दारांच्या मुठी असे लहान भाग जागेवर आहेत की नाहीत हेही पाहिले जाते, कारण मोठ्या यांत्रिक भागांपेक्षा हेच शोधण्यात अधिक वेळ जातो.

पत्राकाम व रंग

मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गंज बहुधा आतून सुरू होतो. पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांवरील कमानी, डिकीचा तळ आणि काचेच्या रबराखालची कड ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. रबरी पायपोसाखाली ओल साचून राहिल्यास वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा तळ हाताने दाबताच आत जातो.

सडलेला भाग कापून त्या मापाचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे ही योग्य पद्धत मानली जाते. गंजावरच 'लांबी', म्हणजे खड्डे बुजवणारा लेप, थापून रंग मारण्याची पद्धत स्वस्त व जलद असली तरी एक-दोन पावसाळ्यांत फुगवटे येऊन दोष उघडा पडतो. तळ कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीला आतून तात्पुरते आधार द्यावे लागतात. तसे न केल्यास काया किंचित वाकते आणि नंतर दारे नीट लागत नाहीत. पत्राकाम, लेप, घासकाम व रंगाचे थर यांत साधारणपणे सर्वांत जास्त वेळ जातो. टॅक्सीची गाडी खासगी रूपात आणायची असल्यास दारांच्या आतील व बोनेटखालील जुना काळा-पिवळा रंगही काढावा लागतो.

इंजिन

इंजिन पूर्ण सोडवून प्रत्येक भागाची झीज मोजली जाते. सिलिंडर झिजले असल्यास ते यंत्रावर मोठे करून त्या मापाचे पिस्टन व रिंगा घालतात, किंवा आत नव्या नळ्या बसवून मूळ माप राखतात. क्रँकशाफ्ट तीन मुख्य बेअरिंगांवर फिरतो. त्याच्या गळ्यांवर ओरखडे असल्यास ते घासून कमी मापाची बेअरिंगे लावतात. ॲल्युमिनियमचे हेड गाडी तापल्यास वाकते. त्यामुळे त्याची पातळी तपासणे, ते यंत्रावर सपाट करून घेणे आणि व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीवर घासून बसवणे हे काम टाळता येत नाही. पाण्याच्या वाटांत साचलेला गाळ आणि रेडिएटरमधील क्षार काढले नाहीत, तर नव्याने बांधलेले इंजिनही पहिल्याच वाहतूक कोंडीत तापते.

ब्रेक, स्टिअरिंग व पुढची चाके

दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते व सिलिंडर आतून गंजतात. मुख्य सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, त्यांतील रबरी वाट्या आणि लवचीक नळ्या सरसकट बदलणे सुरक्षित समजले जाते. पुढच्या चाकांच्या किंगपिनला नियमित ग्रीस लागते. ते न मिळाल्यास स्टिअरिंग जड होते व चाके डुगडुगतात. टायर वरून चांगले दिसत असले तरी जुन्या रबराला भेगा पडलेल्या असतात, म्हणून तेही बदलले जातात.

विद्युत व्यवस्था आणि अंतर्भाग

जुन्या तारांवरील आवरण उष्णतेने ठिसूळ होते आणि तारा उघड्या पडून आग लागण्याचा धोका संभवतो. तुकड्यातुकड्याने जोड देण्याऐवजी मूळ रंगसंगतीनुसार पूर्ण तारांचा जुडगा नव्याने करून घेणे श्रेयस्कर ठरते. बैठकांचे रेक्झिन, छताचे कापड व दारांवरील आवरणे हे काम बैठका शिवणाऱ्या कारागिरांकडून करून घेतात. त्यासाठी जुन्या शिवणीचा नमुना जपून ठेवावा लागतो.

पहिल्यांदा सुरू करणे

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवणे घातक असते, कारण रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. इंजिन न उघडताच गाडी सुरू होते का हे पाहायचे असल्यास सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. बॅटरी जोडण्यापूर्वी तारा तपासणे आणि चाकांना ओट लावणे.
२. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडणे व ते काही काळ मुरू देणे.
३. जुने इंजिन तेल व शीतक पाणी काढून नवे भरणे.
४. टाकीतील जुने पेट्रोल काढणे, टाकी धुणे, पेट्रोल पंपाचा पडदा तपासणे आणि सोलेक्स कार्बोरेटरची जेट साफ करणे.
५. इंजिन प्रथम हाताने पूर्ण फेरा फिरवून ते मोकळे असल्याची खात्री करणे.
६. प्लग न लावता स्टार्टरने थोडे फिरवून तेलाचा दाब येतो का ते पाहणे.
७. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट साफ करून ठिणगी तपासणे व तारा १-३-४-२ या ज्वलनक्रमाने लावणे.
८. चोक ओढून इंजिन सुरू करणे आणि तेलाचा दाब, तापमान, गळती व धूर यांवर लक्ष ठेवणे.

निळसर धूर सतत येत राहिल्यास तेल जळत असल्याचे समजते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबला नाही, तर गॅस्केट फुटून पाणी आत जात असल्याची शक्यता असते. ब्रेकचे काम पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये, हा या कामातील पहिला नियम मानला जातो.

इंधनाचा प्रश्न

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी पुढील काळात मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर चालू लागल्या. खासगी गाड्यांतही अनेकांनी सीएनजी संच बसवले. अशा गाडीच्या डिकीत टाकीचा जड नळा ठेवण्यासाठी पत्र्याला छिद्रे पाडलेली असतात आणि मागचे पाटे दबलेले असतात. मूळ स्वरूप आणताना संच काढून नोंदणीपुस्तकातील इंधनाची नोंदही बदलावी लागते.

पेट्रोलवरही जुनी गाडी निर्धास्त नाही. भारतात २०२५ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र विकले जाते. इथेनॉल ओल शोषते व जुन्या प्रकारच्या रबरास बाधते. त्यामुळे पंपाचा पडदा, रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील वेष्टने इथेनॉल सहन करणाऱ्या साहित्याची घालणे आवश्यक झाले आहे. जी गाडी महिन्यातून एखाद्या रविवारीच बाहेर निघते, तिच्या टाकीत हे पेट्रोल साचून राहिल्यास गंज वाढतो. टाकीत फार काळ पेट्रोल न ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. उपनगरांतील गाड्यांसाठी अंधेरी (एमएच-०२), वडाळा (एमएच-०३) व बोरिवली (एमएच-४७) ही परिवहन कार्यालये आहेत. पद्मिनींपैकी अनेकींवर 'एमएच' मालिकेपूर्वीचे तीन अक्षरी क्रमांक असून मालक ते अभिमानाने जपतात. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल गाडीत करण्यास अधिनियमाच्या कलम ५२ नुसार बंधने आहेत.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, काया वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या नियमांखाली येतात. आधीच नोंदलेल्या वाहनांना जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्या नोंदणीसाठी 'व्हीए' ही अक्षरे असलेली मालिका, २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत आहे. अशा वाहनाचा उपयोग प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज मोटारींची फेरी, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरताच करता येतो.

१९७४ मधील पद्मिनी २०२४ मध्ये या वयोमर्यादेपर्यंत आल्या; डुक्कर फियाट व डिलाइट त्याआधीच पात्र झाल्या होत्या. तथापि विंटेज नोंदणी घेतल्यास रोजच्या वापराला मुकावे लागते. ज्यांना आपली गाडी बाजारहाटाला वा गावी न्यायची असते, ते पंचवार्षिक नूतनीकरणाचाच मार्ग धरतात.

अस्सलपणाचा प्रश्न

जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिव्हा'च्या व्याख्येनुसार किमान ३० वर्षांची, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेली मोटार ऐतिहासिक ठरते. अस्सल साहित्य जितके टिकवता येईल तितके टिकवावे, हा अशा जतनामागील विचार आहे.

पद्मिनीच्या बाबतीत 'मूळ स्वरूप' ठरवणे मात्र सोपे नाही. कारखान्याने दीर्घ उत्पादनकाळात जाळी, दिवे, डॅशबोर्ड व बैठका यांत वेळोवेळी बदल केले. टॅक्सी म्हणून राबलेल्या गाडीत तर अनेक गाड्यांचे भाग एकत्र आलेले असतात. पुनरुज्जीवन करणाऱ्यांमध्ये यावरून ढोबळमानाने तीन मते आढळतात. पहिले मत गाडी कारखान्यातून निघाली त्या रूपात आणावी असे मानते. दुसऱ्या मतानुसार गाडीने सोसलेला काळ, म्हणजे जुना रंग, झिजलेली मूठ, दुरुस्तीच्या खुणा, हाही तिच्या इतिहासाचा भाग असल्याने फक्त गंज व बिघाड दूर करावा. तिसरे मत बाहेरून रूप जुने ठेवून पुढे डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन अशा सुधारणा करण्याचे आहे. या सुधारणांमुळे आजच्या वाहतुकीत गाडी अधिक सुरक्षित चालते, परंतु इंजिन वा काया यांतील मोठे फेरफार विंटेज दर्जाच्या आड येऊ शकतात.

जतन

माजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचे कर्ज घेऊन खरेदी केलेली फियाट दिल्लीतील त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्था जुन्या मोटारींच्या क्षेत्रात कार्यरत आहेत. पद्मिनी टॅक्सी निवृत्त होत असताना किमान एक टॅक्सी जतन करावी, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने केली होती. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२३ मध्ये, बेस्टच्या डिझेलवरील जुन्या दुमजली बसही सेवेतून गेल्या.

वाहनाबरोबर त्याच्या दुरुस्तीचे कौशल्यही जतन करावे लागते. पॉइंटमधील अंतर पात्याने जुळवणे, कार्बोरेटरचा आवाज ऐकून हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणे, खांबावरील गिअरचे दुवे बसवणे ही कामे संगणकाच्या साहाय्याने दोष शोधणाऱ्या आजच्या कार्यशाळांत शिकवली जात नाहीत. ती जाणणारे कारागीर बहुतांशी पद्मिनी टॅक्सींच्या काळात उमेदवारी केलेले आहेत. नवे भाग लेथवर घडवता येतात आणि पत्रा ठोकून बनवता येतो. पण कोणता भाग कसा असावा हे सांगणारा हात उरला नाही, तर गाडी उभी राहील पण चालणार नाही. म्हणून प्रत्येक पुनरुज्जीवनाची मापे, छायाचित्रे व जुळणीचा क्रम नोंदवून ठेवणे हा जतनाच्या कामाचाच भाग आहे.

हेही पाहा

प्रीमियर ऑटोमोबाइल्स
वालचंद हिराचंद
फियाट ११००
मुंबईतील काळी-पिवळी टॅक्सी
कुर्ला
बेस्ट